आधी माल, मग पट्टी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल. भर दुपारी अमळनेरहून मामांचा फोन आला. वैशाखातल्या अशा वेळी आमच्याकडे कोणी कोणाला फोन करत नाही. दारं लोटलेली, कूलरचा वाळा कोरडा पडलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. "भाचा, तुन्हा फोनवर पैसा धाडता येस ना? तीन हजार दोनशे धाडी दे. चार दिवसम्हा परत दिसू." मी कशाला म्हणून विचारलं तर "मंग सांगसू" म्हणाले. मामांनी माझ्याकडे कधी पैसे मागितलेले नाहीत. सुट्टीत गेलो की निघताना खिशात नोट कोंबायची त्यांची सवय मी बँकेत लागल्यावरही मोडली नव्हती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, जीएसटी भरायचा आहे. कशावरचा? तर पाच रुपयांच्या एका नाण्यावरचा.

नाणं वैष्णोदेवीचं. देवस्थानच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून 2012 मध्ये सरकारने काढलेलं. फेसबुकवर एका जाहिरातीत त्याचा फोटो आला, खाली नंबर होता, मामांनी फोन केला. पलीकडच्या मुलाने नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवले आणि ते 'ऑनलाइन लिलावात' टाकले. मग दर अर्ध्या तासाने मामांच्या मोबाइलवर एक चित्र येऊ लागलं. त्यात बोली चढत होती: दोन लाख, साडेतीन, पाच, सहा लाख ऐंशी हजार. रात्री साडेदहाला आठ लाखांवर 'मुंबईच्या पार्टी'ने लिलाव सोडवला. सकाळी रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं. वर वाघ, मागे ताडाचं झाड, खाली शिक्का. नोंदणीचे साडेसातशे मामांनी गल्लीतल्या मोबाइलवाल्याच्या हातून आधीच भरले होते. आता जीएसटी भरला की आठ लाख खात्यात.

मला खटकलं ते वेगळंच. फसवणारे असतात, रोज पेपरात येतं. पण मामा?

मामा अमळनेरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या पेढीवर, दिवाणजी होते, केस पिकेपर्यंत. म्हणजे लिलाव बघणं आणि त्याचा हिशोब लिहिणं हाच त्यांचा धंदा. लहानपणी मी उन्हाळ्यात त्यांच्यासोबत जायचो. गाळ्यासमोर दादर ज्वारीचे, हरभऱ्याचे, गव्हाचे ढीग घातलेले असत आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत जाई. कोणी मुठीत दाणे घेऊन तळहातावर पसरी, कोणी एक दाणा दातांखाली फोडून बघे, कोणी कोपरापर्यंत हात खुपसून तळातला माल वर काढी, कारण वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतो. भुश्श्याचा, तागाच्या पोत्यांचा आणि हमालांच्या घामाचा एक मिसळलेला वास असायचा. तो नाकात बसला की दोन दिवस जायचा नाही. बोली बोलणारा माणूस घसा खरवडून ओरडायचा, आकडा पाच-पाच रुपयांनी चढायचा आणि ढिगाजवळ उकिडवा बसलेला शेतकरी मात्र बोलणाऱ्याकडे न बघता बोली लावणाऱ्यांच्या तोंडांकडे बघायचा. भाव फुटला की काटा, काट्यानंतर मामांची पाळी. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वही. वजन, भाव, एकूण रक्कम, मग त्यातून हमाली, तोलाई, आणि त्या काळी शेतकऱ्याच्याच माथी असलेली आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन. सगळी कपात करून खाली निव्वळ देणं. ती पट्टी. शेतकरी ती चारदा घडी घालून टोपीत ठेवायचा.

त्या यार्डाचं गुणगान मला करायचं नाही. तिथेही व्यापारी आपसात ठरवून भाव पाडत. चार जण घोळक्यात उभे राहणार, बोलणार एकच, आणि माल संध्याकाळी वाटून घेणार, हे मामांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. आडत शेतकऱ्याने का द्यायची, हे भांडण अनेक वर्षं चाललं आणि भाजीपाला-फळांपुरतं तरी सरकारने 2016 मध्ये ती खरेदीदारावर टाकली. रावेर-यावल भागात बाहेरचा व्यापारी येऊन केळीचे ट्रक भरून नेतो, पहिले दोन हप्ते चोख देतो, तिसऱ्याला फोन बंद करतो. अशा गोष्टी तिथल्या प्रत्येक गावात ऐकायला मिळतील. कापसाचे न वटलेले चेक लोकांच्या फडताळात अजून पडलेले आहेत. तरी त्या फसवणुकीला एक पत्ता असायचा. बंद झालेलं शटर कुठलं ते माहीत असायचं, त्यापुढे जाऊन शिव्या तरी देता यायच्या.

बैलबाजारात तर याहून मजा. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून सौदा करतात, आणि भोवती उभ्या पन्नास माणसांना आकडा कळत नाही. बाहेरच्याला ही लबाडी वाटेल. पण बैल सगळ्यांसमोर उभा असतो. त्याचे दात मोजा, खुरं बघा, औताला लावून बघा. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथे लाखांचे सौदे होतात, आणि घेणारा आधी घोडा पळवून बघतो. भाव झाकलेला आणि माल उघडा. मामांच्या मोबाइलवर नेमकं उलटं होतं. भाव दर अर्ध्या तासाला दिसत होता, लावणारा मात्र एकही दिसत नव्हता.

ऑनलाइन लिलावाची सुरुवात अशी नव्हती. अमेरिकेत पियेर ओमिद्यार या प्रोग्रॅमरने 1995 मध्ये एक साइट काढली, पुढे तिचंच ईबे झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, 14 डॉलर 83 सेंटना. ओमिद्यारने घेणाऱ्याला विचारलं म्हणतात, बाबा रे, तो मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. सगळा धंदा त्या एका प्रश्नावर उभा होता असं मला वाटतं. विकणारा मालाचं वैगुण्य स्वतःहून सांगतोय आणि घेणारा समजून-उमजून पैसे टाकतोय. आपल्याकडे बाझी डॉट कॉम नावाची साइट होती, ती 2004 मध्ये ईबेने घेतली, 2017 मध्ये ईबेचा इथला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि 2018 मध्ये फ्लिपकार्टने तो गाशा गुंडाळला. माझा धुळ्याचा एक मित्र त्या काळात तिथे जुने कॅमेरे घ्यायचा. जिल्हा बँकेसमोरच्या सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन, लिलाव संपायच्या शेवटच्या मिनिटाला बोली टाकत बसायचा. आधी टाकली की भाव उगाच चढतो, हे त्याचं शास्त्र.

त्याच्याकडून कळलेल्या युक्त्या आजही तशाच आहेत, फक्त जागा बदलल्या. विकणाराच दुसऱ्या नावाने खातं उघडतो आणि स्वतःच्या मालावर बोली लावून तुम्हाला वर ढकलतो. एखादा पाच-पाच रुपयांची स्टिकरं पन्नास जणांना प्रामाणिकपणे विकतो, पन्नास चांगले शेरे कमावतो, आणि एकावन्नाव्या वेळी महागडे फोन लावून पैसे गोळा करून पसार होतो. म्हणून मित्र नुसते तारे मोजायचा नाही, ते तारे कसल्या मालावर मिळालेत आणि केव्हा मिळालेत ते वाचायचा. तुम्ही लिलाव हरलात की दुसऱ्या दिवशी मेल येतो: जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या बोलीवर माल देतो, पण पैसे या वेगळ्या खात्यात टाका. सगळ्यांत जास्त माणसं तिथे घसरत, कारण हरलेल्या माणसाला ती वस्तू आदल्या दिवसापेक्षा जास्त हवी असते. त्या वेळी साइटची स्वतःची 'पैसापे' नावाची सोय होती. घेणाऱ्याचे पैसे मधे थांबत, माल पोहोचल्यावर विकणाऱ्याला मिळत. मित्राचा नियम एकच होता. साइटच्या बाहेर जाऊन कोणाशी बोलायचं नाही आणि बाहेरून पैसे द्यायचे नाहीत, समोरचा कितीही स्वस्त देवो. आता जुन्या वस्तू विकायच्या साइटवर सोफा टाकला की पाचव्या मिनिटाला एक 'फौजी' फोन करतो, न बघता भाव कबूल करतो, आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडतो. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. पैसे यायला पिन लागतच नाही. हे एवढं वाक्य मी बँकेच्या काउंटरवर इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

तेव्हा मामांना मी काय म्हणालो? नियम, पोलिस, रिझर्व्ह बँक काहीच काढलं नाही. फोन ठेवला आणि गाडी काढून अमळनेरला गेलो. फोनवर समजावून उपयोग होत नाही, कारण फोनवर समजावणारा आधीच एक जण असतो आणि तो आपल्यापेक्षा सराईत असतो.

मामा ओसरीत बसले होते. मामी गेल्यानंतरची पहिलीच आखाजी होती ही. तिच्या नावाची घागर अजून कोपऱ्यात ठेवलेली, वर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज, मात्र कोणीतरी खाऊन टाकलं होतं. समोर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात चिंध्यांत बांधलेली नाणी. चार आणे, दहा पैशांची कातरलेल्या काठांची, तांब्याच्या काही दिडक्या. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. त्यांना बाजारात कोणी विचारत नाही, आणि टाकायला कोणाचा हात होत नाही. घराघरांत असे डबे आहेत आणि फसवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. वैष्णोदेवीचं नाणं तर अजून चलनात आहे, किराणावाला ते पाच रुपयांनाच घेतो. नाण्याला भाव येतो तो कोणत्या टांकसाळीचं, कोणत्या वर्षाचं, किती झिजलेलं, किती मिळतात यावरून. सालाखाली हिऱ्याची खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. एवढं तरी विकत घेणारा विचारेल की नाही? त्या मुलाने टांकसाळ विचारली नव्हती. आठ लाखांचा माल होता आणि 'हातात घेऊन बघतो' असं कोणी म्हणालं नव्हतं.

डब्याच्या तळाशी खरी चीज निघाली. पणजीच्या गळ्यातल्या माळेतला एक चांदीचा रुपया, वर फारसी अक्षरं, एका कडेला माळेत ओवायला डाग दिलेली कडी. माझ्या ओळखीचे एक निवृत्त इतिहासाचे मास्तर आहेत. त्यांना फोटो पाठवला तर म्हणाले, मोगली दिसतो, अक्षरं नीट दिसली तर बऱ्हाणपूरची टांकसाळ असेल, पण कडी डागलीये, त्यामुळे जमवणारे कमी भाव देतील. बऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांच्या वेळची आमच्या खानदेशची राजधानी, आज मध्य प्रदेशात. पलीकडच्या आसीरगडावर अकबराने विजय मिळवला 1601 मध्ये, आणि त्या विजयाची ससाण्याचं चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली. ती इतकी दुर्मीळ आणि इतकी मोलाची की तिच्या नकला निघतात. मास्तर रंगात येऊन बोलत होते. मामा ऐकत होते आणि डब्याकडे बघत होते. हा रुपया त्यांनी त्या मुलाला दाखवला होता. तो म्हणाला होता, हे सोडा सर, वैष्णोदेवीचंच पाठवा.

मला तिथे हसू आलं आणि रागही. ज्याला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्याने मामांना नाण्याच्या भावात घेतलं होतं.

मग मी एवढंच विचारलं. मामा, तुमच्या आडतीत माल विकायला आलेल्या शेतकऱ्याकडून आधी पैसे घेतलेत का कधी? आडत आधी दे, हमाली आधी दे, तोलाई आधी दे, मग तुझ्या मालाचा लिलाव लावतो, असं? ते चटकन म्हणाले, "कसं घीसूत? पट्टीम्हाईन कापतस." आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, पण ते यार्डातलं. हे रिझर्व्ह बँकेचं आहे. त्यांचं पत्र आलंय. मी त्यांना 4 ऑगस्ट 2021 ची सूचना वाचून दाखवली. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, त्यासाठी कसलंही शुल्क वा कमिशन आम्ही मागत नाही, आणि आमच्या वतीने मागायला कोणाला अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं होतं. ती ऐकून त्यांना पटलं असावं. पण चेहरा बघून वाटलं, पट्टीचं आधीच पटलं होतं, सूचना नुसती सही-शिक्क्यासाठी लागली.

आधी पैसे मागितले म्हणजे चोर, इतकं सोपं करून मात्र चालत नाही, आणि गावाकडच्या मंडळींना असं अर्धं सांगितलं तर ती भलतीकडे अडकतात. विकणाऱ्याने आधी द्यायचे नसतात. घेणाऱ्याला मात्र खऱ्या लिलावातही आधी भरावे लागतात. माझ्या चुलतभावाला फेसबुकवर 'बँकेने ओढून आणलेले ट्रॅक्टर, ऑनलाइन लिलाव' दिसला, निम्म्या किमतीत. अनामत पाच हजार, एका माणसाच्या यूपीआयवर. बँकाही अनामत घेतात हे खरं. जप्त घर-जमिनीच्या लिलावात राखीव किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास अनामत असते, लिलाव सुटला की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी पाव रक्कम पुरी करावी लागते, आणि उरलेली साधारण पंधरा दिवसांत. पण ती अनामत बँकेच्या नावच्या खात्यात जाते, बोली हरली की परत येते. त्याआधी नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक मराठी. आणि मालमत्ता बघायची तारीख दिलेली असते. मी भावाला म्हटलं, ट्रॅक्टर बघायला कुठे येऊ ते विचार. त्याने विचारलं. उत्तर आलं, गोडाऊन मिलिटरी एरियात आहे, आत सोडत नाहीत. भाऊ सोनालिका चालवणारा माणूस, इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. आवाज न ऐकता ट्रॅक्टर घ्यायला तो तयार झाला नाही, यात माझं काही श्रेय नाही.

जुन्या नाण्यांचंही एक सांगायला हवं, कारण आमच्याकडे विहीर खणताना, घर पाडताना हंडी निघाल्याच्या गोष्टी फार. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा लागतो, ती देशाबाहेर पाठवता येत नाही. 'परदेशातला ग्राहक' लिलावात आला की तिथेच थांबावं. आणि जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. तो कायदा 1878 चा, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या धनाला लागणारा, आणि अजून आहे.

त्या संध्याकाळी आम्ही सायबर फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी 1930 नंबरला फोन लावला. नंबर लागायला वेळ गेला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं विचारून घेतलं: कोणत्या खात्यातून, कोणत्या वेळी, व्यवहार क्रमांक काय. पैसे ज्या खात्यात गेले तिथे अजून असतील तर ते तिथेच अडवता येतात, म्हणून तास-दोन तासांत कळवणारा वाचतो. मामांचे साडेसातशे जाऊन दोन दिवस झाले होते. तक्रार नोंदली गेली, मोबाइलवर क्रमांक आला. मामांनी तो पट्टीसारखा कागदावर उतरवून घेतला, तारीख घातली, खाली रेघ मारली.

रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाताना मी विचारलं, तुम्हाला आठ लाख कशाला हवे होते? मामा म्हणाले, नको होते. मला ते खरं वाटतं. लोक फसले की आपण पटकन हाव म्हणतो. ज्यांना फसवलं गेलं त्यांना तो शब्द साडेसातशेपेक्षा महाग पडतो, आणि त्या भीतीने ते कोणाला सांगत नाहीत, तक्रार करत नाहीत. माझ्या खुर्चीसमोर येऊन खोकत उभे राहिलेले कितीतरी म्हातारे मी बघितलेत, ज्यांना पासबुक भरायचं नसतं, विचारायचं असतं, आणि मागे रांगेत गावातलं कोणी दिसलं की ते पासबुकच भरून जातात. मामांच्या बाबतीत मला वाटतं, डब्यातल्या कशाला तरी किंमत आहे असं कोणीतरी तासभर बोलत होतं. आम्ही भाचे-पुतणे त्यांना फोन करतो तो जेवलात का, गोळी घेतली का, एवढ्यापुरता. तो मुलगा त्यांना त्यांच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल विचारत होता. मामांनी त्याला कापसाच्या लिलावाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्याने त्या ऐकल्याही होत्या, मन लावून की काय ते त्यालाच माहीत.

पुढे महिन्याभराने पुन्हा फोन आला. या वेळी 'सायबर सेलमधून'. तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आठ लाखांचाही निकाल तुमच्या बाजूने लागलाय, फाइल चार्ज अकराशे. एकदा फसलेल्यांच्या नंबरांच्या याद्या फिरतात, आणि पैसे परत मिळवून देणारा हा दुसरा फेरा ठरलेलाच असतो. तेवढं मी मामांना आधी सांगून ठेवलं होतं. ते त्याला म्हणाले, "पट्टी कर. मन्हा पैसा त्याम्हाईन काप, उरना तो धाड." तो म्हणाला, सर, तसा नियम नाही. मामा म्हणाले, आमच्याकडे तोच आहे.

हे त्यांनी मला फार खुशीत सांगितलं. मी म्हटलं, छान, मग लगेच फोन ठेवला असेल ना त्याने? तर नाही. पुढे अर्धा तास दोघं बोलत होते. कशावर, ते मामा सांगायला तयार नाहीत. "पोऱ्या बोलाले गोड व्हता," एवढंच म्हणाले.